श्री. दाढदुखे आणि त्यांचं सल्लागार मंडळ

हॉटेलात वेटरने ‘साधं की थंड?’ विचारायच्या आत जे गृहस्थ ‘साधं, साधं’ म्हणत हात आडवा करतात, त्यांना सोयीसाठी आपण दाढदुखे म्हणू. लग्नाच्या जेवणात आईस्क्रीम आलं की हे नको म्हणत नाहीत. मान उजवीकडे कलती करतात, घास अलगद उजव्या गालात सारतात आणि तरीही एखादा थेंब डावीकडे घरंगळलाच, तर डावा डोळा मिटून ‘स्स्स’ असा लांबलचक श्वास ओढतात. म्हणजे आधीच कळवळलेल्या दाढेवर वर गार वारा. मग जिभेचं टोक त्या दाढेवर फिरवून ती जागेवर असल्याची खात्री करतात आणि शेजारच्या खुर्चीवर जो कोणी असेल त्याला विचारतात, “कॅप बसवावी की रूट कॅनाल करावं, तुम्हाला काय वाटतं?”

खुर्चीवर वधूचे मामा असतात. पण दाढदुख्यांना त्याचं काही नाही. त्यांच्या सल्लागार मंडळात सोसायटीचे सेक्रेटरी, कोपऱ्यावरचा केमिस्ट, पुण्याचे मेहुणे आणि निरनिराळ्या वेळी गाठलेले तीन डेंटिस्ट आहेत. अभ्यास दांडगा. झिरकोनियाची कॅप आणि धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप यांतला भावफरक त्यांना पाठ, कोण किती वर्षांचं वॉरंटी कार्ड देतं तेही पाठ. रूट कॅनालमध्ये नस काढून, पोकळी धुऊन तिथे गटापर्चा भरतात, त्याचं झाड चिकूच्या कुळातलं आणि एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारांच्या केबलींवर हाच गटापर्चा गुंडाळत, हे सगळं ते चहा पिता पिता सांगतील. कोमट चहा. इतकं सगळं ठाऊक असलेल्या माणसाला एकच गोष्ट सांगता येत नाही: गार लागल्यावर कळ किती वेळ टिकते?

माझं म्हणणं इतकंच की सगळा निकाल त्या उत्तरावर आहे आणि ते उत्तर जगात फक्त दाढदुख्यांकडे आहे. दाताचं वरचं कडक आवरण झिजलं, की आतल्या थरातल्या अतिसूक्ष्म नळ्या उघड्या पडतात. गार लागताच त्यांतला द्रव हलतो आणि आतली नस ओरडते. नस धडधाकट असेल तर गारवा सरताच ती गप्प होते. पण ती सुजून कामातून गेली असेल, तर पाणी गिळून झाल्यावरही अर्धा-अर्धा मिनिट ठणका राहतो, गरम चहानेही कळ मस्तकात जाते, रात्री काहीही न खातापिता जाग येते. पहिल्या प्रकारात दाढ तडकलेली किंवा फार झिजलेली असेल तर नुसती कॅप पुरते. तेवढंही नसेल तर पेस्टवर भागतं. दुसऱ्या प्रकारात रूट कॅनाल करावं लागतं आणि चावायची दाढ असेल तर बहुधा वर कॅपही येते. म्हणजे दाढदुखे ज्याला ‘हे की ते’ म्हणतात, ते पुष्कळदा ‘एक की दोन्ही’ असतं. डॉक्टर नेमकं हेच विचारतात, “दुखतं म्हणजे कसं?” आणि भर लग्नात मामांना अर्धा तास सांगणारे दाढदुखे खुर्चीत बसून म्हणतात, “तसं विशेष काही नाही हो.”

यावर त्यांचा आक्षेप तयार असतो: तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या, म्हणजे धंदाच की हा! आक्षेप अगदीच पोकळ नाही. मशीन हातात घ्यायला उतावीळ माणसं या व्यवसायातही असणारच. गार लावून पाहिलं का, ठोकून पाहिलं का, शेजारच्या दाताशी ताडून पाहिलं का, हे विचारायचा रोग्याला पूर्ण हक्क आहे. पण एक्स-रेमध्ये कीड दिसते, हाड दिसतं. नस सुजली आहे का ते दिसत नाही आणि बारीक तडाही बऱ्याचदा दिसत नाही. शिवाय दाढदुखे पहिल्या डॉक्टरांकडे गेले दिवाळीत, दुसऱ्यांकडे होळीला आणि तिसऱ्यांकडे आंबे संपल्यावर. मधल्या काळात दाढ काही त्यांची वाट पाहत थांबली नव्हती. तिघांनी तीन वेगवेगळ्या अवस्थांतली दाढ पाहिली आणि कदाचित तिघेही बरोबर होते.

पुण्याच्या मेहुण्यांचा युक्तिवाद मात्र तोडायला अवघड आहे. ते म्हणतात, कॅप बसवूनही पुढे रूट कॅनाल करावं लागतंच, मग आधीच उरकून टाका. करावं लागतं हे खरं, पण ‘लागतंच’ हे खरं नाही. कॅपसाठी दात चहूबाजूंनी घासावा लागतो, तो त्रास काही नसांना सोसत नाही आणि मग त्याच कॅपला भोक पाडून आत शिरावं लागतं. तरी बऱ्याच जिवंत दाढा कॅपखाली वर्षानुवर्षं सुखाने नांदतात. पुढेमागे गळेल म्हणून आजच छप्पर उतरवणारा माणूस आपण शहाणा मानत नाही. लवंगेच्या तेलाचा पक्ष त्यापेक्षा सोपा: त्यातलं युजेनॉल दाताचे डॉक्टरही वापरतात, पण ते दाढेला गप्प करतं, बरं करत नाही. सेन्सिटिव्ह दातांच्या पेस्टला दोन-चार आठवडे द्यावे लागतात. दाढदुखे चौथ्या दिवशी ट्यूब फेकतात. आणि वरचा सुळा काढला की नजर जाते म्हणणाऱ्या मावशींना कोणीतरी सांगा, डोळ्याने पाहायची नस वेगळी आणि दाताची वेगळी.

सगळ्यात घातक आक्षेप तो, जो दाढदुखे विजयाने मांडतात: “आता दुखायचं थांबलं!” महिनाभर ठणकलेली दाढ उपचाराविना एकाएकी शांत झाली, तर बऱ्याचदा आतली नस मेलेली असते. दाढदुखे त्या आनंदात दोन वाट्या श्रीखंड खातात, फ्रिजमधलं, थेट डाव्या बाजूने. हिरडीला पुळी येते ती पुढे कधीतरी, बहुतेक सुट्टीच्या दिवशी, दवाखाने बंद असताना.

तेव्हा तुमच्या ओळखीत कोणी दाढदुखे असतील (असतीलच), तर त्यांना मत देऊ नका. घड्याळ द्या. गार पाण्याने कळ किती सेकंद राहते, गरम चालतं का, चावताना दुखतं की चावून दात उचलताना, रात्री जाग येते का, एवढं कागदावर लिहून न्यायला सांगा. आणि तपासणीला निघताना पेनकिलर घेऊ नका म्हणावं. ती घेतली की डॉक्टरांनी कितीही गार लावलं तरी दाढ नीट जबाब देत नाही.