बदकांचा स्टुडिओ

१९८४ साली ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजातल्या एका बोळात मी फोटो स्टुडिओ काढला, तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, "आणि नोकरी?"

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत मुलाचं ठरलेलं असे. गळा असेल तर गाणं, नसेल तर महालेखापालांचं ए.जी. ऑफिस. माझा गळा शंकर गांधर्व महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत जाऊन परत आला होता. मी लाला दीनदयाळांचा दाखला दिला. इंदुरात सरकारी खात्यात नकाशे काढणारा माणूस, १८७४ च्या सुमारास कॅमेरा धरतो, आपल्या किल्ल्याचे फोटो काढतो आणि १८८५ च्या सुमारास नोकरीवर पाणी सोडतो!

"त्यांना निजाम भेटला," बाबा म्हणाले. "तुला कोण भेटणार? समोरच्या काकू?"

काकूच भेटल्या. त्यांची पुतणी लग्नाची होती.

त्याआधी पडद्याचं सांगतो. दुकानाच्या पायरीवरून मान वर केली की अख्खा किल्ला दिसायचा, पण गिऱ्हाइकाला मागे तळं हवं, डोंगर हवेत, बर्फ हवा. पडदा रंगवणाऱ्या पेंटरने बर्फ कधी पाहिला नव्हता. बदकंही पाहिली नसावीत, कारण किल्ल्यावरच्या मानमंदिराच्या भिंतीवरच्या टाइल्समधली पिवळी बदकं त्याने जशीच्या तशी माझ्या तळ्यात सोडली. पिवळ्या रंगाचे वेगळे पैसे घेतले. फोटो ब्लॅक अँड व्हाइट.

बर्फाचं खरं काम आत, डार्करूममध्ये होतं. डेव्हलपर हवा २० अंशांवर, आणि जूनमध्ये आमच्याकडे पारा ४५ च्या पलीकडे. नळाला येतो तो चहाच. पहिल्याच उन्हाळ्यात एका मुंजीच्या फिल्मवरचा थर सुटला आणि भटजींचा चेहरा ट्रेमध्ये पोहू लागला. त्या दिवसापासून पोत्यात, भुशात गुंडाळून रोज बर्फ आणू लागलो. आईच्या माहेरची माणसं आली की निम्मा बर्फ पन्ह्यात जाई.

कॅमेरा सेकंडहँड याशिका. पोटाशी धरून वरून वाकून आत बघायचं, त्यामुळे म्हातारी माणसं "औक्षवंत हो" म्हणत. रोलमध्ये १२ फोटो. बारा भरल्याशिवाय धुवायला परवडत नसे. पासपोर्ट फोटोवाला चौकशीला आला की मी म्हणे, "नऊ झालेत, तीन गिऱ्हाइकं येऊ द्या." एकाने वैतागून दोन मेव्हणे धरून आणले.

पण धंदा तरला तो लग्नाळू मुलींवर. मुलगा पुण्याचा, मुलगी लष्करची. झेलम एक्स्प्रेसने जायचं तर जवळपास अख्खा दिवस. म्हणून आधी फोटो जायचा. काकू पुतणीला घेऊन आल्या आणि कानाशी लागून म्हणाल्या, "जरा उजळ येऊ दे. आणि हनुवटीवरचा तीळ... बघ बाबा तुझं कसब."

निगेटिव्हवर तीळ म्हणजे पारदर्शक ठिपका. टोक काढलेली पेन्सिल, भिंग, श्वास रोखलेला. पाऊण तासात तीळ बुजवला. फार सुंदर काम झालं होतं.

पुण्याची मंडळी आली. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली, आणि मुलाच्या आत्याने फोटो पर्समधून काढून मुलीच्या चेहऱ्याशेजारी धरला. "ही थोरली का?" त्यांनी विचारलं. काकूंनी मला बोलावून घेतलं. तीळ खरा आहे आणि फोटोतला नसलेला तीळ खोटा आहे, हे मी पुण्याच्या माणसांना पटवत होतो. लग्न जमलं. मुलाला तीळच आवडला म्हणे. काकूंनी रिटचिंगचे पैसे मात्र परत मागितले.

चार वर्षांनी बाबा पहिल्यांदा दुकानात आले, आईला घेऊन. पेन्शनच्या कागदांना जोडीचा फोटो लागतो. आल्याआल्या दर विचारला, पावती मागितली, मग पडद्याकडे पाहिलं.

"हे काढ. सरकारी कामात बदकं चालत नाहीत."

पडदा गुंडाळला, मागे पांढरी चादर लावली. बाबांनी श्वास रोखला, आईने पदर सारखा केला, मी वाकलो. झालं. नशिबाने तो रोलमधला बारावा होता.

"आता एक बदकांपुढे काढ," आई म्हणाली. "घरासाठी."

"रोल संपला," मी म्हणालो. "नवा घालावा लागेल."

बाबांनी पावती घडी करून खिशात ठेवली. "आणि उरलेल्या अकरांना कोण आणणार?"

आई काही न बोलता बाहेर गेली आणि समोरच्या काकूंना हाक मारली.