भेदऱ्याचं (म्हणजे टोमॅटोचं) रोप बाहेर कधी लावावं? नवशिक्यांसाठी सोप्या सहा पायऱ्या

साहित्य : रोपांचा एक ट्रे, खुरपी, झारा आणि न मागता सल्ला देणारे चार शेजारी. शेवटचं साहित्य यवतमाळात फुकट मिळतं.

पायरी १. मोबाइल बाजूला ठेवा. व्हिडिओतल्या इंग्लंडच्या बाई सांगतात, मे संपत आला, गोठवणारी थंडी सरली, आता रोपं अंगणात न्या. त्यांच्या अंगणासाठी ते खरंच आहे. आपल्याकडे मे अखेरीस पारा ४४-४५ अंशांवर असतो. रोप कसंबसं जगलं, तरी ३५ अंशांपुढे फुलं गळतात आणि झाड नुसतं शोभेचं राहतं. आपल्याकडे लागवड जुलै-ऑगस्ट, ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा जानेवारीत होते. नवशिक्यानं मधली धरावी. पाऊस ओसरलेला असतो आणि १५ ते २० अंशांच्या रात्री फळ धरायला मानवतात.

पायरी २. सगळ्यांचं ऐकून घ्या. एक म्हणेल मृग गाठा, दुसरा म्हणेल, "काऊन घाई करता? पोळा तं होऊ द्या!" तिसरा दसऱ्यावर अडून बसेल. प्रत्येकाचं कधी ना कधी बरोबर आलेलं असतं, म्हणून तर ते इतक्या खात्रीनं बोलतात. मान डोलवा, चहा पाजा. मृगाच्या पहिल्या सरीवर भाळून दुबार पेरणी ओढवून घेतलेले लोक मात्र गप्प बसतात. त्यांच्या शेजारी बसा.

पायरी ३. आता रोपाकडे बघा. वय २५ ते ३० दिवस, उंची १२ ते १५ सेंटिमीटर, पानं पाच-सहा, खोड ठेंगणं आणि जाड. सावलीत वाढून लांबोडं झालेलं रोप वाऱ्यात मान टाकतं. ट्रेमध्येच फूल आलं तर स्टेटसला फोटो टाकू नका. रोप म्हातारं झालंय.

पायरी ४. रोपाचे लाड बंद करा. लावणीच्या चार-पाच दिवस आधी पाणी तोडत आणा, उन्हाची सवय लावा. घरातून "सुकलं न बाप्पा ते!" असा आवाज येईल. आवाज करणाऱ्याच्या हाती झारा लागू देऊ नका. उपटण्याच्या आदल्या दिवशी मात्र ट्रे भिजवा, म्हणजे मुळं तुटत नाहीत.

पायरी ५. धुऱ्यापलीकडे नजर टाका. तिथं पऱ्हाटी असणारच. तिच्यावरची पांढरी माशी पानं आक्रसवणारा विषाणू भेदऱ्यावर आणते आणि हिरव्या बोंडअळीला दोन्ही पिकं सारखीच गोड. म्हणून दर १६ ओळींमागे एक ओळ झेंडूची लावा. झेंडूचं रोप ४५ दिवसांचं असावं, म्हणजे दोन्ही पिकं एकदम फुलतात आणि अळी झेंडूकडे वळते. शिवाय दसऱ्याला हार कुठून आणायचा, हा प्रश्न पुढच्या वर्षी तरी उरत नाही.

पायरी ६. ऊन उतरल्यावर लावा, लगेच पाणी द्या, तीन-चार दिवसांनी आंबवणी करा. काळ्या जमिनीत पाणी तुंबू देऊ नका, मुळं कुजतात.

तरीही धीर होत नसेल, तर अर्धा ट्रे आज लावा आणि अर्धा आठ दिवसांनी. जो तगेल, तोच मुहूर्त आपण आधीपासून धरला होता, असं शेजाऱ्यांना सांगा.