दंडकारण्यात सहकुटुंब

कुटुंबासह अरण्यात मुक्काम ठोकण्याचा आद्य दाखला रामायणात सापडतो, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडील मंडळी आपला मुलूख दंडकारण्यातच मोडतो असे परंपरेने मानीत आल्यामुळे तो दाखला या मुलखास विशेष लागू पडतो. प्रभू रामचंद्रांनी धनुष्यबाण आणि वल्कले यांपलीकडे फारसा सरंजाम बरोबर घेतला नव्हता. तरीही चित्रकूटापासून पंचवटीपर्यंत जेथे मुक्काम पडला तेथे पर्णकुटी सुबकच झाली, याचे कारण वल्कलांच्या प्रतीत नसून लक्ष्मणात होते. ज्याच्या पदरी लक्ष्मण आहे त्याने सामानाची चिंता करू नये. ज्याच्या पदरी तो नाही, तो दुकानात जातो.

इंग्रज अमदानीतील मध्यप्रांताचे साहेब हे मर्म पुरते ओळखून होते. हिवाळा लागला, की चांदा जिल्ह्याचे साहेब दौऱ्यावर निघत आणि त्यांच्या दिमतीस तंबूंचे दोन संच असत. एका तंबूत साहेब निद्रासुख घेत असताना दुसरा बैलगाड्यांवरून पुढच्या मुक्कामास रवाना होई. सकाळी साहेब घोड्यावरून तेथे दाखल होतात तो खलाशांनी दोर ताणलेले, खानसाम्याने आधण ठेवलेले आणि कोतवालाने कोंबडी, दूध, सरपण अशी रसद हजर केलेली. त्या रसदीचे पैसे कोणास पोहोचले, आणि बिगारीस धरलेल्या गोंड-माडियांना या रम्य जीवनाविषयी काय वाटले, याबद्दल दप्तर बहुधा मौन पाळते. राहुटीतील वास्तव्य परम सुखाचे असते हा समज याच साहेबांच्या रसाळ आठवणींनी रूढ केला. आपल्या वाट्यास त्या वारशातून तंबू तेवढा आला. खलाशी आला नाही.

आमचे मेहुणे नागपुरातील एका कचेरीत हिशेबतपासणीस आहेत. डिसेंबरात मुलांना घेऊन चार दिवस जंगलात राहण्याचा बेत निघताच त्यांनी बाब, नग, किंमत आणि शेरा अशा चार रकान्यांची यादी आखली. तीत पाच माणसांचा घुमटाकार तंबू, हवा भरावयाच्या गाद्या, कपाळास बांधावयाची विजेरी, घडीच्या खुर्च्या, बर्फाची पेटी आणि, आत्याबाईंच्या वयाचा मान राखून, प्रातर्विधीसाठी स्वतंत्र उभट राहुटी, इतके सारे होते. शिवाय चेनने बंद होणारी एक निजावयाची पिशवी होती, आणि तिच्यापुढे ‘उणे दहा अंशांपर्यंत उबदार’ असा शेरा होता. चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि ऐन थंडीच्या पहाटे तो आठ-दहा अंशांवर येऊन थांबतो. तो उणे दहापर्यंत उतरवावयाचा, तर हिमालयास ब्रह्मपुरीपर्यंत चालत यावे लागेल. परंतु हिशेबतपासणीसांस तजवीज कमी पडलेली खपत नाही, जास्त झालेली चालते.

आत्याबाईंनी यादी केली नाही. त्यांनी एक वळकटी बांधली. तीत गोधड्या होत्या, सतरंजी होती, फिरकीचा तांब्या, मिसळणाचा डबा, अडकित्ता आणि चारी कोपऱ्यांना नाड्या लावलेली जुनी सुती मच्छरदाणी होती. या शेवटच्या वस्तूस मेहुणे हसले, हे मात्र अन्यायाचे होते. या अरण्यात वाघापेक्षा डासाने अधिक माणसे अंथरुणास खिळविली आहेत. गडचिरोलीचे नाव राज्याच्या हिवतापाच्या तक्त्यात आजही अग्रभागी असते, आणि सरकार तेथे औषध लावलेल्या मच्छरदाण्या घरोघर वाटते, ते काही हौसेखातर नव्हे.

तंबू कोठे ठोकावा, हा प्रश्न मात्र वनखात्याने आमच्यासाठी आधीच निकालात काढला होता. ताडोबा हे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ साली अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्पात आले. तेथील गाभ्याच्या क्षेत्रात पाहुण्याने गाडीतून खाली उतरावयाचे नसते, मोबाइल बाहेर ठेवावयाचा असतो, आणि सूर्यास्तापूर्वी फाटकाबाहेर पडावयाचे असते. मंगळवारी तर वाघांना साप्ताहिक सुट्टी असते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. त्या काळात जंगलात आगकाडीदेखील संशयितांत जमा होते. तेव्हा सौ.च्या मैत्रिणीच्या सासरी, मूल तालुक्यातील एका खेड्यात मुक्काम करावा आणि शेताच्या कडेला डेरा द्यावा, असा तोडगा निघाला.

बुटीबोरी, जाम, वरोरा हा रस्ता सरळ आहे आणि त्याबद्दल लिहिण्याजोगे काही नाही, कारण सामानामुळे खिडकीबाहेरचे काही दिसत नव्हते. वरोऱ्यास बाबा आमटे यांच्या आनंदवनाची पाटी लागली, तेव्हा सौ.ने एक गोष्ट काढली. बाबा एकदा मुलांना घेऊन भामरागडच्या जंगलात सहलीस गेले होते. ती सहल अशी लांबली, की २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला आणि त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे व सूनबाई डॉ. मंदाकिनी आमटे झोपडीत संसार थाटून जे राहिले ते कायमचेच. मेहुण्यांनी हे शांतपणे ऐकले आणि बर्फाच्या पेटीवरील हात काढला नाही. पुरेसे सामान बरोबर असले, की माणूस चार दिवसांत सुखरूप घरी परततो, एवढे त्यांचे म्हणणे या उदाहरणाने सिद्धच होत होते.

गावात पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. यजमानांनी प्रथम सामानाकडे आणि मग आमच्याकडे पाहिले.

“कायले एवढा बोजा आनला जी? इथं काय भेटत नाही?”

शेताकडे तंबू लावण्याचा मनोदय कळताच त्यांचा चेहरा गंभीर झाला. “तिकडं नोका जाऊ जी. वाघ येते.” अमुक दिवशी पाऊस येतो म्हणावे अशा स्वरात ते हे बोलले. परिणामी अरण्यवासाकरिता आणलेला तो घुमट तुळशीवृंदावन आणि गोठा यांच्या मधल्या अंगणात उभारण्याचे ठरले, आणि त्या समारंभास निम्मे गाव लोटले.

तंबूबरोबर आलेल्या चकचकीत मेखा हातोड्याच्या पहिल्याच घावास नतमस्तक झाल्या. वर्षानुवर्षे शेणाने सारवून आणि धान झोडपून घट्ट झालेले ते अंगण होते. मेहुणे माहितीपत्रक उलटसुलट धरून वाचीत असताना दहा-बारा वर्षांचा एक मुलगा गोठ्यामागे गेला, बांबूचा तुकडा घेऊन आला, कोयत्याने त्याच्या हातभर लांब चिपा काढल्या, प्रत्येकीचे एक टोक तासले आणि दोर अडकेल अशी खाच दुसऱ्या टोकाशी पाडली. अंगणावर तांब्याभर पाणी ओतून तो क्षणभर थांबला आणि मग खुंट्या तिरप्या ठोकीत गेला. माहितीपत्रकाचे पहिले पान संपण्यापूर्वी तंबू उभा होता. त्या बालकाच्या ठायी आम्हांस लक्ष्मणाचे दर्शन घडले. त्याने मात्र मेहुण्यांच्या कपाळावरची विजेरी तेवढी मागून घेतली.

गादीत हवा भरण्याचा पंप चालेना, म्हणून यजमानीणबाईंनी तणसाचे दोन भारे आत पसरून दिले. नव्या धानाच्या तणसावर सतरंजी आणि सतरंजीवर गोधडी अशा शय्येस थोडा सळसळाट असतो आणि मंद गोडसर वास असतो. तिच्यावर मुले पडल्यापडल्या झोपली. उभट राहुटीत सकाळपर्यंत एक शेळी बांधली गेली होती, असे पुढे कळले.

रात्री शेजारच्या गावी नाटक होते. भातकापणी उरकली, की या मुलखात, म्हणजे झाडीपट्टीत, नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशास मंडळ्यांची कार्यालये आहेत, तेथे तारखा ठरतात, आणि रात्री उशिरा पडदा वर जातो तो पहाटेशिवाय खाली येत नाही. बायाबापड्या, लेकरे, म्हातारे, सारे चादरी-गोधड्या घेऊन जमिनीवर ऐसपैस बसले होते. उघड्यावर सहकुटुंब रात्र काढण्याची कला आम्ही तेथे सप्रयोग पाहिली. मेहुण्यांनी आपली घडीची खुर्ची मांडताच मागून “खाली बसा जी!” असा एकमुखी हुकूम झाला. ते खाली बसले. निजावयाच्या पिशवीत ते कमरेपर्यंत शिरले होते. दुसऱ्या अंकात घामाघूम होऊन बाहेर आले, आणि आत्याबाईंनी न बोलता गोधडीचे एक टोक त्यांच्याकडे सरकविले.

तिसऱ्या अंकाआधी मंडळीचा एक माणूस खुर्ची मागावयास आला. सावकाराच्या वाड्यातील खुर्चीचा पाय मोडला होता, म्हणे. मेहुण्यांच्या खुर्चीत सावकार बसला, गरिबाचे शेत गिळले, त्याच्या मुलीस दाराबाहेर काढले, आणि पेला ठेवण्याच्या खोबणीत हिशेबाची वही अशी ऐटीत खोवली, की टाळ्या पडल्या. पहाटे मेहुणे खुर्ची मागावयास रंगपटात गेले, तो मंडळीचा ट्रक पुढच्या मुक्कामास निघून गेला होता. खुर्ची सध्या दौऱ्यावर आहे. यादीत तिच्यापुढे मेहुण्यांनी ‘कलेस प्रदान’ असा शेरा मारला असून किमतीच्या रकान्याबद्दल ते अद्याप विचार करीत आहेत.