देवबाग गेली काय?

"देवबाग गेली काय गो?" गडग्यापलीकडून काकींचा आवाज.

"अजून नाही, काकी."

"मगे मी भात चढवतंय."

हा संवाद मी गेली बावीस वर्षं ऐकते आहे. मी घाटावरची, मालवणात सून म्हणून आले. वायरीत आमच्या आणि काकींच्या घरामध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आहे. देवबाग म्हणजे देवबागची एसटी. ती मालवणच्या स्टँडवरून सुटते, आमच्या दारावरून तारकर्लीला जाते, पार देवबागेपर्यंत पोचते आणि त्याच रस्त्याने मागे फिरते. ती जायच्या सुमारास भाताचं आधण ठेवायचं. भात उतरवून, ज्याला वाढायचं त्याला वाढून, बाजाराची पिशवी हातात घेईपर्यंत ती परतीला दारात येते. वेळापत्रक आमच्याकडेही आहे, फ्रिजवर चिकटवलेलं. त्याच्याकडे कुणी बघत नाही.

काल मात्र भात चढवून काकी गडग्यापाशीच थांबल्या. दोन्ही कोपरं गडग्यावर टेकली, म्हणजे मजकूर मोठा आहे हे मी ओळखलं. काकी सीझनला दोन खोल्या पाव्हण्यांना देतात. यंदाचे पाव्हणे पुण्याचे. मोठी पांढरी गाडी, आत सहा माणसं आणि मोबाइलमधून डावी-उजवी सांगणारी एक बाई. रविवारी ते देवबागला निघाले. काकींनी सांगितलं होतं, गाडी इथे राहू दे, एसटीने जा. पण मुंबई-पुण्याच्या माणसाला गाडी अंगणात ठेवून एसटीत बसायचं म्हणजे चपला घरी विसरल्यासारखं वाटतं.

देवबाग ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी आणि त्या पट्टीत एकच रस्ता. रस्त्याला लागून गडगे, माड, कुणाच्या घराच्या पायऱ्या, कुणाची वाळत घातलेली जाळी. अशा ठिकाणी समोरून एसटी आली. एसटी मागे जात नसते. असं कुठे लिहिलेलं नाही, पण देवबागच्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक आहे. पाव्हण्यांनी रिव्हर्स टाकला. आधी आरसा गडग्याला घासला, मग मागचं चाक गटारात गेलं.

"अर्धी वाडी भायर इली," काकी सांगत होत्या. "कोण म्हणता डावीकडे काप, कोण म्हणता उजवीकडे. तेची बायल उतरान चलत निघाली!"

शेवटी कंडक्टरच खाली उतरला. मागे उभं राहून, गाडीच्या पाठीवर थापा मारत त्याने ती बाहेर काढून दिली. अर्धा तास मोडला. त्या दिवशी वायरीत सगळ्यांचे भात गार झाले आणि कारण कुणालाच कळेना.

आता खरं सांगायचं तर इकडे फिरायला गाडी लागत नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली तरी मालवणात ती आलीच नाही, आतून कुडाळवरून गेली. तेव्हा कोकणकन्या एक्स्प्रेसने कुडाळला उतरायचं, रिक्षाने एसटी स्टँड गाठायचं आणि मालवण गाडीत बसायचं. नेरूरपारचा पूल, धामापूर, चौके असं करत ती आणून सोडते. वाटेत धामापूरचा तलाव आहे, त्यामुळे माझ्या माहेरची माणसं खिडकीसाठी अजून भांडतात.

तिकिटाचं तर विचारूच नका. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट. तेव्हापासून आमच्या चुलत आजेसासूबाई रोज बाजारात जातात. आणतात काय, तर चार मिरच्या आणि तालुक्याच्या बातम्या. काकी अजून त्र्याहत्तरच्या. आधार कार्डावर दोन वर्षं कमी लागली म्हणून त्यांचा त्या कार्डावर राग आहे.

रिक्षाचं गणित वेगळं. मालवणात भाडं बसण्याआधी ठरवायचं. देवबागचं भाडं ऐकून पाव्हण्यांचे डोळे विस्फारतात, पण रिक्षावाल्याचंही ऐकून घ्यावं. तिकडून येताना त्याला कुणी मिळत नाही, रिकामंच यावं लागतं, म्हणून तो दोन्ही वेळचं घेतो. सोमवारी मालवणचा आठवडा बाजार असतो. त्या दिवशी भरड नाक्यावर उभं राहावं, आपल्याच बाजूचं कुणीतरी भेटतं. तिघी मिळून रिक्षा केली की आपल्या वाट्याला फारसं येत नाही. वर सुकी मासळी मांडीवर घेऊन बसलेल्या बाईकडून कुणाच्या मुलीचं कुठे ठरलं तेही कळतं.

पण एसटीची तोंड फाटेस्तोवर स्तुती मी करणार नाही. गेल्या दिवाळीत काकींकडे नागपूरच्या दोन मुली होत्या. गाडी नव्हती, उत्साह भरपूर. जाताना नीट गेल्या. परतीच्या वेळी देवबागला थांब्यावर तासभर उभ्या. आता ही फेरी शाळा-कॉलेज सुटण्याच्या वेळेवर बेतलेली, पासवाल्या पोरांसाठी. सुट्टीत शाळा बंद, म्हणून फेरीही बंद. हे गावाला माहीत, पाटीला माहीत नाही. काळोख पडला, रिक्षा एकही नाही. शेवटी बर्फाच्या पेट्या घेऊन मालवणला निघालेल्या टेम्पोत पुढे बसून दोघी घरी आल्या. काकींनी त्यांना आधी अंघोळीला पाठवलं, मग जेवायला वाढलं. त्या मुली अजून काकींना फोन करतात. पुणेकर करतील असं मला वाटत नाही.

वस्तीची गाडी तर आता कमी गावांत राहिली. रात्रीची शेवटची एसटी गावातच मुक्कामाला राहायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर गाडीतच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी पहिली सुटायची. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं तर तिचाच आधार. माझी मोठी मुलगी पोटात असताना मला त्याच गाडीने नेलं होतं. कंडक्टरने तिकीट फाडलं, पण सुट्टे पैसे परत देताना हात थरथरत होता त्याचा.

पाण्यावरची वाट मात्र ऋतूची. देवबागेतून पलीकडच्या भोगव्याला होडीने गेलं की दहा-पंधरा मिनिटांत किनारा. तेच रस्त्याने जायचं तर नेरूरपारच्या पुलावरून भलामोठा वळसा. सिंधुदुर्ग किल्ल्याला तर होडीशिवाय गतीच नाही. आणि मेअखेरीला होड्या बंद झाल्या की पावसाळाभर कुणी कितीही नोटा दाखवो, उपयोग नाही. पाव्हणे जूनमध्ये येतात, जेटीवर उभे राहून किल्ल्याचे फोटो काढतात आणि आम्हाला विचारतात, "बोट कधी सुटेल?" काकी शांतपणे सांगतात, "नारळी पुनव होऊ दी."

एवढं बोलणं झालं आणि घर्रर आवाज आला. लाल गाडी वळणावरून आली, काकींनी पदर सावरला.

"गो, ही वर जाता काय खाली इली?"

बोलण्याच्या नादात ती जाताना आम्ही दोघींनीही पाहिली नव्हती. ती परतीचीच होती. भात शेगडीवर तसाच सोडून काकींनी हात केला, गाडी थांबली, काकी चढल्या. गॅस मी जाऊन बंद केला. भात खालून लागला होता.

तुम्ही इकडे आलात तर गाडी काकींच्या अंगणात लावा आणि मालवणच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत एवढंच विचारा, परतीची शेवटची कधी, आणि उद्या शाळेला सुट्टी आहे का.