आप्पांची फुप्फुसं आणि शेजाऱ्यांचे कान

काय व माय, ऐकलंत का? जळगावचे आप्पा-नाना निवृत्तीनंतर गाथा-पोथ्या सोडून कराओकेच्या नादी लागलेत! मेहरूण तलावावर फेरी मारायला निघालेला भला माणूस परततो तो ब्लूटूथचा माईक घेऊन. धुळ्यातही तीच तऱ्हा. किशोरकुमार म्हणे आपलाच. त्याचं खंडवा भुसावळहून असं कितीसं लांब? वर काही विचारायची सोय नाही. उत्तर तयार असतं, "फुप्फुसांसाठी गातोय!"

गाण्याच्या शिकवणीत तर लाजच सोडलीय. बाई सांगतात, "खांदे उचलू नका, श्वास घेताना पोट पुढे येऊ द्या." जन्मभर शर्टाआड पोट लपवलेले आप्पा आता ते चारचौघांत फुगवून दाखवतात. मग श्वास झटकन घ्यायचा आणि ओळ संपेपर्यंत पुरवून पुरवून सोडायचा. सगळी मेख त्या सोडण्यात. सीओपीडीवाल्याला, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार जडलेल्याला, हवा घेण्यापेक्षा बाहेर काढणं जड जातं. जुनी हवा आत अडून बसते, नवीला जागा उरत नाही. सावकाश श्वास सोडला की ती थोडी तरी निघते.

हे थेर एकट्या खानदेशाचे असते तर झाकून टाकलं असतं. पण लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेरानं २०२० साली डॉक्टरांना हाताशी धरून कोविडनंतर धापा टाकणाऱ्या मोठ्या माणसांना चक्क अंगाईगीतं गायला लावली! पुढे १५० रुग्णांवर चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल 'लॅन्सेट'च्या श्वसनविषयक नियतकालिकात छापून आला. रुग्णांच्या मनाला उभारी आली, धापही थोडीफार कमी वाटली. शरीराच्या तब्येतीत मात्र म्हणावा तसा फरक दिसला नाही.

श्रावणात कानबाई देवीसमोर गाणी म्हणत रात्र जागवणाऱ्या आमच्या काकू हे ऐकून पोट धरून हसल्या. "आम्ही फुकटात गायलो की!" म्हणाल्या आणि लगेच खोकल्याची उबळ आली. चुलीपुढे उमर गेली त्यांची. धुरानं खराब झालेलं फुप्फुस गाण्यानं नवं होत नाही. आहे त्या श्वासात निभवायचं कसं, तेवढं गाणं शिकवतं.

तेव्हा आप्पा, बेसूर का होईना, गा. पण बिडी सोडा, डॉक्टरांनी दिलेला पंप सोडू नका. आणि जळगावच्या उन्हाळ्यात दुपारी दोन ते चार तेवढा माईक बंद ठेवा. शेजाऱ्यांनाही जीव आहे!