बॅटरी बघणारे नाना

वस्तू घरात नाही, पण तिच्याविषयी शब्द ऐकायचा तर यांच्याच तोंडून, अशी माणसं गावोगाव असतात. मिरजोळ्यात हा मान नानांचा, आणि वस्तू म्हणजे सौरऊर्जा साठवायची बॅटरी.

छपरावरचे पॅनेल नानांनी झटपट बसवले. २०२४ मध्ये सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. सरकार देतंय म्हटल्यावर चिकित्सा कसली? बॅटरीला मात्र अनुदानाचा वेगळा पैसा नाही, म्हणून तिच्या वाट्याला सगळी चिकित्सा आली.

सुरुवातीला नाना म्हणत, "महावितरण हीच माझी बॅटरी. दिवसा युनिट त्यांच्याकडे ठेवायचे, रात्री वापरायचे, हिशेब बिलात." मे महिन्यात तारांवर फणसाची फांदी पडली आणि भर दुपारी लाईट गेली. बाहेर ऊन रणरणतंय, छपरावर तीन किलोवॅट, आणि नाना ओटीवर पुठ्ठ्याने वारा घेतायत! विचारायला आलेल्या प्रत्येकाला ते सांगत होते, "लाईन बंद, की हा इन्व्हर्टरही बंद. नाहीतर आपली वीज उलटी तारेत जाईल नि खांबावरच्या वायरमनला शॉक बसेल." सांगताना सूर असा, की ही सोय त्यांनीच सुचवली होती.

मग वही निघाली. मारुती मंदिराजवळच्या दुकानदाराने ट्युब्युलर बॅटरी दाखवली.

"दीडशे एएच, बारा व्होल्ट. म्हणजे किती?"

"अठराशे वॉट-अवर, नाना."

"त्यातले वापरायचे किती?"

दुकानदार गप्प.

"निम्मे! रोज तळ गाठलात तर बॅटरी लवकर राम म्हणते. शिवाय डिस्टिल्ड वॉटर घाला. आणि ती लिथियमची बघा. शंभर एएच, पण ऐंशी-नव्वद टक्के वापरा खुशाल. म्हणजे हिशेबाला या मोठीपेक्षा ती धाकटीच जास्त देते. उचलायला दोन गडी नकोत, पाणी नको."

"मग लिथियम देऊ?"

"छे! सोडियमची येतेय. मिठातलं सोडियम. समुद्र भाट्याला फुकट पडलाय, मग लिथियमवर पैसे कशाला घालवायचे?"

गंमत अशी, की नानांच्या वहीवरून आळीत बॅटऱ्या आल्या आणि एकही चुकली नाही. ज्यांनी ट्युब्युलर घेतली, त्यांच्याकडे नाना महिन्यातून एकदा जातात. बॅटरीवरचे तरंगते खुंटे चष्मा वर करून न्याहाळतात, आणि एखादा जरा खाली गेलेला दिसला की घरमालकाकडे असं बघतात, जणू त्याने गाय उपाशी ठेवलीय.

परवा काकूंनीच वही ओढून घेतली. नानांनी त्यात गिझर, पंप, मिक्सर, वॉशिंग मशीन सगळं धरून दहा युनिटांची गरज काढली होती.

"लाईट गेल्यावर कपडे कोण धुतं हो?" काकूंनी मशीन खोडलं. गिझर खोडला. पंप खोडला. "पाटा अजून आहे," म्हणत मिक्सरही गेला. उरले दोन पंखे आणि चार दिवे. पंखे ७५ वॉटचे, दिवे ९ वॉटचे. एकूण १८६ वॉट, पाच तास चालवायचे तरी एक युनिट होत नाही.

"तुमची ती धाकटी लिथियम पुरते की!"

नानांनी बेरीज दोनदा तपासली. चूक सापडेना. आता दुकान गाठण्यावाचून गत्यंतर नव्हतं आणि नानांचा चेहरा पार पडला. इतक्यात काहीतरी आठवून ते ताठ बसले.

"बॅटरी कोणीही घेईल गो. पण आपल्या इन्व्हर्टरला बॅटरी जोडायची सोयच नाही. हायब्रिड घ्यायचा, की हा ठेवून दुसरा साधा? खरी गोम तिथे आहे!"