बेगम बाजारात सभासद कसे मिळवावेत

सायकल संघटना काढायला फारसं काही लागत नाही. पाच मित्र, पाच हेल्मेटं आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप, झालं. घोडं पेंड खातं ते सभासद वाढवताना. सभासद वाढले की निवेदनाखालच्या सह्या वाढतात, सह्या वाढल्या की साहेब निवेदन दोन्ही हातांनी स्वीकारतात, आणि फोटो निघतो. सायकलींसाठी वेगळी पट्टी ही त्यानंतरची बाब.

हैदराबादेत सभासद शोधायचे तर बेगम बाजारात जावं. मात्र रविवारी पहाटे साडेपाचला. तेव्हा शटरं बंद असतात, रस्ता चक्क दिसतो, आणि इथे सायकलपट्टी सहज मावेल असा विश्वास वाटतो. हीच मोहीम सोमवारी दुपारी काढली तर विश्वास टिकत नाही. हातगाड्या, मालाचे ऑटो, झाडूंचे भारे, मिरचीची पोती आणि त्या सगळ्यांतून डोक्यावर खोकं घेऊन धावणारा हमाल यांच्यात पट्टी आखायची तर ती हवेत आखावी लागेल. समजा आखलीच, तर दुपारपर्यंत तिच्यावर स्टीलच्या बादल्या ओळीने मांडलेल्या दिसतील. शेठजींचा माल रेषेच्या आत राहिला, हेही काही थोडं नाही. निजाम अली खानाच्या बेगमेने ही जागा व्यापाऱ्यांना दिली म्हणतात. सायकलवाल्यांना काय द्यायचं, हे तेव्हा कुणाला सुचणार? सायकलच नव्हती.

आता महत्त्वाचं पथ्य. सायकलस्वार आणि सायकलवाला यांत गल्लत करू नये. जो सायकल मोटारीच्या टपावर बांधून नार्सिंगीला जातो तो सायकलस्वार. जो सायकलवर टपाएवढी भांडी बांधून उस्मानगंजला जातो तो सायकलवाला. सरकारला हा फरक नेमका कळलेला आहे. बाहेरच्या रिंगरोडलगत २३ किलोमीटरचा सायकलमार्ग झाला. नार्सिंगी ते कोल्लूर साडेचौदा, नानकरामगुडा ते पोलीस अकादमी साडेआठ. १ ऑक्टोबर २०२३ला उद्‌घाटन झालं. वर सौर पॅनेलचं छप्पर, त्यामुळे ऊन लागत नाही आणि वीजही होते. मार्ग उत्तम आहे, यात थट्टा नाही. बेगम बाजारातून तिथे पोचायला तेवढी पंधरा-वीस किलोमीटर सायकल, मेहदीपट्टणमच्या गर्दीतून, छपराविना मारावी लागते.

सभासदत्वाचा अर्ज इंग्रजीत असावा. त्यात सायकल कुठल्या कंपनीची, गिअर किती, सरासरी वेग किती, हे रकाने हवेतच. आम्ही मराठी मंडळींनी सुधारणा म्हणून ‘संघटनेकडून अपेक्षा’ असा एक रकाना घातला आणि तिथेच फसलो.

भांड्यांच्या दुकानासमोर एक चाचा सायकल लादत होते. कॅरिअरवर फळी, फळीवर पातेली, पातेल्यांत पातेली, वर पराती, आणि सगळ्याला जुन्या ट्यूबच्या रबराचे चार वेढे. शेवटचा वेढा ते दातांत धरून आवळत होते, म्हणून आधी उत्तर आलं नाही. मग आलं, ‘‘मेंबर बनके क्या करना साब? हवा भरतें क्या?’’

आम्ही सांगितलं, आम्ही धोरणात्मक पातळीवर काम करतो.

‘‘हौ, मगर हवा?’’

अशा वेळी गडबडू नये. नेदरलँड्सचा दाखला द्यावा. तिथे १९७०च्या दशकात मोटारींखाली मुलं मरू लागली तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, आणि पुढे सायकलरस्ते झाले. चाचांनी शांतपणे ऐकलं. त्यांचा एकच प्रश्न होता, तिथले लोक सायकलवर माल किती नेतात. याचं उत्तर आमच्या माहितीपत्रकात नव्हतं. (पुढच्या आवृत्तीत घ्यावं.)

तरीही चाचांनी अर्ज मागितले. एक नव्हे, दहा. आमचे सचिव हरखले; त्यांनी लगेच ग्रुपवर अंगठे मागवले. चाचांनी वेढा सैल केला, एकेक अर्ज नीट उलगडून दोन-दोन परातींच्या मधे सरकवला आणि पुन्हा आवळला. नव्या मालावर ओरखडा उठला की शेठ पैसे कापतो.

‘‘और हैं क्या?’’ त्यांनी विचारलं. ‘‘कागद मोटा है, अच्छा है.’’